कंपवात आणि बुद्धी

म्हातारपण आले की हात कापावयाचे, पाय अडखळावयाचे आणि डोके चालेनासे व्हावयाचे, ह्यात नवल ते काय, असे आपल्या घराघरांतून पूर्वापार समजले जात आले आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ह्या म्हणीने तर ह्या समजुतीवर शिक्कामोर्तबच करून टाकले. ह्या समजुतीत एक सोय आहे. सारा दोष वयाच्या माथी मारला म्हणजे औषध शोधण्याचे कारण उरत नाही. पण तिच्यात अन्यायही आहे. सदऱ्याची गुंडी लावावयास आजोबांना पाव तास लागतो, तेव्हा तो चेंगटपणा ठरतो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नाही, तेव्हा ते रुसले आहेत असे सुनेस वाटते. आणि कोपऱ्यात कोणी अनोळखी माणूस उभा आहे असे ते संध्याकाळी सांगू लागले, की घरातली मंडळी एकमेकांकडे पाहून गप्प बसतात. ह्या तिन्ही गोष्टी एकाच रोगाच्या असू शकतात, हे नीट कळावयास वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. आणि एवढा उशीर होण्यास जी कारणे झाली, त्यांत एका प्रामाणिक व अत्यंत सूक्ष्मदृष्टी माणसाने लिहिलेल्या एका वाक्याचा वाटा मोठा आहे.

हा माणूस म्हणजे जेम्स पार्किन्सन. तो १७५५ साली लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मला, तेथेच बापाच्या मागे त्याने वैद्यकी केली आणि १८२४ साली तो वारला. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. औषधे करून देणाऱ्या आणि प्रसंगी शस्त्र चालविणाऱ्या सामान्य वैद्यांपैकी तो एक. पण माणूस मोठा उद्योगी. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ ह्या टोपणनावाने त्याने सरकारवर टीका करणारी चोपडी लिहिली, आणि १७९४ साली राजाला विषारी बाण मारण्याच्या एका कथित कटाच्या चौकशीत प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानी झाली. पुढे राजकारण सोडून तो दगडांकडे वळला. शिळारूप झालेल्या प्राण्यांवर व वनस्पतींवर त्याने तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १८०७ साली लंडनची भूगर्भशास्त्रीय संस्था ज्यांनी स्थापन केली, त्यांत त्याचे नाव आहे. दगडातल्या शिंपल्याच्या एका कडेवरून लुप्त झालेला सबंध प्राणी डोळ्यांपुढे आणावयाची सवय झालेली ही नजर होती, आणि तीच नजर त्याने हॉक्स्टनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्या माणसांकडे लावली.

१८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने ‘कापऱ्या पक्षाघाता’वर सहासष्ट पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात रोगी अवघे सहा. पहिला एक माळी. दुसरा व तिसरा हे दोघे त्याला रस्त्यात सहज भेटलेले. त्यांना थांबवून त्याने त्यांची हकीकत विचारून घेतली. चौथा एकदा भेटून पुढे नाहीसा झाला. पाचव्याला तर त्याने केवळ दुरून पाहिले. तो गृहस्थ चालू लागला की आपोआप पुढे धावत सुटे आणि त्याला आवरण्यास बरोबर एक नोकर लागे. सहाव्याचीच काय ती पार्किन्सनला दीर्घकाळ पाहणी करता आली. हे गृहस्थ बहात्तर वर्षांचे होते. एके रात्री त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि आश्चर्य असे की, ते अंग लुळे होते तोवर त्या बाजूचा कंप बंद राहिला. शक्ती परत येताच कंपही परत आला. ही नोंद करताना पार्किन्सनच्या लक्षात आले असावे की, कंप हा स्नायूंचा दोष नसून तो कोठूनतरी वरून येणाऱ्या हुकमाचा दोष आहे. तथापि ते ‘वर’ म्हणजे मेंदू असे त्याने म्हटले नाही. मानेतल्या पृष्ठरज्जूवर त्याने संशय घेतला आणि मानेवर फोड आणून रक्त काढण्याचा उपाय सुचविला. प्रेताची तपासणी करावयास मिळाली नाही, तेव्हा हा केवळ तर्क आहे, अशी कबुली त्याने निबंधातच दिली आहे.

ह्या निबंधाच्या आरंभी त्याने रोगाचे लक्षण थोडक्यात बांधून दिले. स्वस्थ असलेल्या अवयवाचा कंप, स्नायूंची घटलेली शक्ती, पुढे वाकलेले शरीर, चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती, ही सारी लक्षणे त्यात आली. आणि अखेरीस त्याने जोडले की, इंद्रिये व बुद्धी यांना मात्र बाध येत नाही. हेच ते वाक्य. बाकीचे वर्णन आजही जवळजवळ जसेच्या तसे मान्य होण्यासारखे आहे. शेवटचे कलम तेवढे चुकले. रस्त्याच्या पलीकडून पाहिलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीविषयी पार्किन्सनला काय कळणार होते? हॉक्स्टनमधील एका खाजगी वेड्यांच्या इस्पितळात तो वैद्य म्हणून जात असे, तेव्हा बुद्धीचा भ्रंश त्याला अपरिचित नव्हता. कदाचित म्हणूनच, तेथल्या दुर्दैवी माणसांच्या मानाने आपला माळी शहाणा आहे, असे त्याला वाटले असेल. रोगाच्या अगदी शेवटी थोडा भ्रम होतो, हे त्याने पुढे लिहिलेही आहे. पण लोक निबंध वाचीत नाहीत, व्याख्या पाठ करतात.

कापणारी माणसे अर्थात त्यापूर्वीही होती. आपल्या वैद्यकात ‘माधवनिदाना’ने सर्वांग व शिर कापणाऱ्या वातविकाराला ‘वेपथु’ असे नाव दिले आहे आणि ‘कंपवात’ हा शब्द तर आजही चालतो. पण रोगी पाहून, मोजून, एकाची दुसऱ्याशी तुलना करून रोगाची सीमा आखणे, हे काम हॉक्स्टनच्या ह्या वैद्याचे.

त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग पॅरिस येथील साल्पेट्रिएर इस्पितळात झाँ मार्तँ शार्को आला. हजारो वृद्ध व निराधार स्त्रिया तेथे आश्रयास होत्या. शार्कोला हे जणू जिवंत संग्रहालयच मिळाले. कंप आणि ताठरपणा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, सर्वच रोगी कापत नाहीत आणि स्नायूंची शक्ती खरोखरी गेलेलीही नसते, हे त्याने दाखविले. म्हणून ‘कापरा पक्षाघात’ हे नाव टाकून ‘पार्किन्सनचा रोग’ हे नाव त्याने सुचविले. आपले रोगी आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले की त्यांना बरे वाटते, असे ऐकून त्याने हादरे देणारी एक खुर्चीही करविली होती! रोग वाढला की मनही मंदावते आणि स्मृती जाते, हेही शार्कोने सांगितले होते. पण त्याने पार्किन्सनचे नाव रोगाला दिले आणि त्या नावाबरोबर पार्किन्सनची व्याख्या पुढच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

रोगाचे स्थान सापडले तेही साल्पेट्रिएरच्याच परिसरात. मेंदूच्या देठात काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. १८९३ साली एका रोग्याच्या अंगाचा एकाच बाजूस कंप होता आणि त्याच्या मेंदूत विरुद्ध बाजूच्या नेमक्या ह्याच जागी क्षयाची गाठ सापडली. त्यावरून १८९५ साली ब्रिसो ह्याने तर्क केला की, कंपवाताचे मूळ येथे असावे. १९१९ साली त्रेत्याकॉफ ह्या तरुण रशियन डॉक्टरने आपल्या पॅरिसच्या प्रबंधात तो तर्क खरा करून दाखविला. कंपवाताच्या रोग्यांत काळ्या पेशी मरून तो पट्टा फिका पडलेला होता आणि उरलेल्या पेशींत गोल गोल कण दिसत होते. ह्या कणांना त्याने नाव दिले ‘लेवीचे कण’.

हा लेवी कोण, हे सांगण्यासाठी म्युनिक येथील एका प्रयोगशाळेत जावे लागेल. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला नवऱ्याविषयी विनाकारण संशय येई आणि स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. तिला तपासणारे डॉक्टर अलोइस अल्झायमर पुढे म्युनिकला गेले. पण १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मेंदूच्या बाह्य पटलात चिकट पुटे व पेशींतील गुंतलेले तंतू पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा कोणी एक प्रश्नदेखील विचारला नाही. त्यांच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत बर्लिनचा तरुण फ्रिट्झ हाइनरिख लेवी कामाला आला, आणि कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत त्याला ते गोल कण आढळले. १९१२ साली त्याने त्यांचे वर्णन छापले. म्हणजे वृद्धांच्या बुद्धीचा रोग आणि वृद्धांच्या हालचालीचा रोग, ह्या दोहोंच्या खुणा एकाच खोलीत, एकाच पिढीने शोधल्या. एवढेच नव्हे तर, आपल्या कंपवाताच्या रोग्यांपैकी अनेकांची बुद्धीही ढासळलेली होती, असे लेवीने पुढे १९२३ सालच्या ग्रंथात नमूद केले. मग दोन रोगांतली भिंत तेव्हाच का पडली नाही? एक तर पाठ्यपुस्तकातील व्याख्या आड आली. दुसरे म्हणजे कंपवाताचा रोगी मज्जारोगतज्ज्ञाकडे जाई आणि भ्रम झालेला मनोविकारतज्ज्ञाकडे. दोघांचे दरवाजे वेगळे. आणि तिसरे कारण वैद्यकाबाहेरचे आहे. लेवी ज्यू होता. १९३२ साली बर्लिनमध्ये त्याची मज्जारोगसंस्था उभी राहिली आणि १९३३ साली नात्सी राजवटीने त्याला बडतर्फ केले. तो इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेला, नावाचे स्पेलिंग बदलून तेथेच राहिला आणि १९५० साली वारला.

अल्झायमरच्या शोधाचीही अशीच कोंडी झाली. त्यांची रोगी तरुण म्हणावी अशी, पन्नाशीतली. तेव्हा हा अकाली येणारा एक दुर्मिळ रोग आहे आणि सत्तरीतला बुद्धिभ्रंश मात्र केवळ वयाचा परिणाम आहे, अशी वाटणी विद्वानांनी करून टाकली. म्हणजे युरोपातही ‘साठी बुद्धी नाठी’च! १९६८ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ ह्यांनी बुद्धी गेलेल्या वृद्धांच्या मेंदूंत तीच पुटे मोजून दाखविली, तेव्हा ही वाटणी मोडली.

दरम्यान कंपवाताला औषध सापडले होते, आणि त्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेचे मूळ उन्माद व निद्रानाश ह्यांवर आपल्याकडे फार काळ वापरात होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला; परंतु पाश्चात्त्य डॉक्टरांना ते खऱ्या अर्थाने पटले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील लेखामुळे. रक्तदाब उतरविणारे हे मूळ जगभर गाजले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले, आणि मनोरुग्णांवरही ते वापरले जाऊ लागले. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. हे औषध घेणारी काही माणसे ताठर होत, त्यांचे हात कापू लागत; हुबेहूब कंपवात!

स्वीडनमधील लुंड येथे अर्विद कार्लसन ह्याने १९५७ साली सशांना रिसर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्याने त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. डोपापासून शरीरात डोपामीन होते. रिसर्पीनने मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा केला होता आणि डोपाने तो पुन्हा भरला. डोपामीन हे मेंदूचे स्वतंत्र निरोप्याचे काम करणारे द्रव्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. ह्या कामाबद्दल कार्लसनला २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सर्पगंधेवरील कामाबद्दल डॉ. वकील यांना १९५७ सालीच अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले होते.

डोपाही अगदी नवे नव्हते. १९१३ साली बाझलमध्येच गुगेनहाइम ह्याने ते बाकल्याच्या शेंगांतून काढले होते, थोडे स्वतः खाऊन पाहिले होते आणि ओकाऱ्यांनी बेजार होऊन ते निरुपयोगी ठरविले होते. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले. खाजकुइली म्हणजे जिच्या शेंगेवरील लवेचा स्पर्श झाला की अंगाची आग होते, तीच सह्याद्रीच्या रानातली वेल. संस्कृतात तिला कपिकच्छू म्हणतात आणि वैद्य तिच्या बिया पूर्वीपासून वातविकारांत देत आले आहेत. ह्या बियांच्या चूर्णाचा कंपवातावर होणारा परिणाम मुंबईच्या डॉक्टरांनी पद्धतशीर तपासला. नोशीर वाडिया हे ज्यांत होते अशा त्या मंडळींचा लेख १९७८ साली प्रसिद्ध झाला. गुण येतो, पण बियांतील डोपाचे प्रमाण कमीजास्त असते. तेव्हा घरच्या घरी मनाने घ्यावयाचे हे औषध नव्हे.

व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच ह्याने मृत रोग्यांचे मेंदू तपासून १९६० साली दाखविले की, कंपवातात डोपामीन खरोखरच फार घटलेले असते. डोपामीन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही, डोपा शिरते. म्हणून ते टोचून पाहावे, अशी विनंती त्याने वृद्धाश्रमाच्या रुग्णालयातील वाल्टर बिर्कमायर ह्याला केली. दोघांचे पूर्वीचे काही बिनसले होते म्हणून बिर्कमायरने कित्येक महिने चालढकल केली! अखेर जुलै १९६१ मध्ये डोपा टोचले गेले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, बसलेली उभी राहिली, उभी असलेली चालू लागली. हा परिणाम काही तास टिके. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास ह्याने पोटातून, हळूहळू वाढवीत, मोठ्या प्रमाणात डोपा देण्याची रीत बसविली, आणि तेव्हापासून हे औषध घरोघरच्या रोग्यांना मिळू लागले. काही वर्षांनी औषधाचा जोर ओसरतो, अंगाला वेडेवाकडे हिसके येऊ लागतात, हेही लवकरच कळले. तरीही आजतागायत ह्या औषधाची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

आणि ह्या यशातूनच ती जुनी चूक उघडी पडली. पूर्वी कंपवाताचा रोगी लवकर जाई. आता तो पंधरा पंधरा, वीस वीस वर्षे जगू लागला. हात चालू लागले, पण घरातली माणसे डॉक्टरांना दुसरेच सांगू लागली. हिशोब जमत नाही, दुपारी बोलणे अगदी स्वच्छ आणि रात्री घोटाळा, घरात नसलेली मुले दिसतात. १९७६ साली जपानमधील मनोविकारतज्ज्ञ केन्जी कोसाका यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या एका रोग्याच्या मेंदूत लेवीचे कण कृष्णद्रव्यापुरतेच नव्हे, तर विचार व स्मृतीचे स्थान असलेल्या बाह्य पटलातही पसरलेले दाखविले. तेथले कण साध्या रंगांनी फिके दिसतात म्हणून ते नजरेतून सुटले होते. १९८० नंतरच्या दशकात रंगविण्याच्या नव्या पद्धती आल्यावर ते जिकडे तिकडे सापडू लागले. आज बुद्धी आधी ढासळली, किंवा अंग ताठरल्यापासून वर्षाच्या आत ढासळली, तर त्याला ‘लेवी-कणांचा बुद्धिभ्रंश’ म्हणतात. त्यानंतर ढासळली तर ‘कंपवातातील बुद्धिभ्रंश’. मात्र ही एक वर्षाची रेघ डॉक्टरांनी सोयीसाठी ओढलेली आहे. मेंदूतले कण ती पाळीत नाहीत.

नावाचा हा वाद केवळ पंडिती नव्हे. असा रोगी भास होऊन ओरडू लागला म्हणजे उन्मादावरची औषधे देण्याचा मोह होतो. पण त्यांतली पुष्कळशी डोपामीनचेच काम अडवतात; न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिले की, लेवी-कणांच्या रोग्याला त्यांनी भयंकर ताठरपणा येतो आणि प्रसंगी जीवही जातो. निदान चुकले तर येथे औषधच घात करते.

सिडनी येथे नव्याने रोग जडलेल्या रोग्यांचा एक गट डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सोडला नाही. वीस वर्षांनी जे जिवंत होते त्यांपैकी ८३ टक्क्यांना बुद्धिभ्रंश झालेला होता. हा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. बुद्धीला बाध येत नाही, हे कलम त्या आकड्यापुढे उभे राहू शकत नाही. रोगी मोजण्याचे असेच एक काम मुंबईच्या पारशी वसाहतींत झाले. वृद्धांचे प्रमाण मोठे असलेल्या ह्या समाजातील १४,०१० माणसांची पाहणी करून डॉ. भरुचा व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली कंपवाताचे ४६ रोगी नोंदविले. म्हणजे लाखात ३२८. हिंदुस्थानात हा रोग विरळा आहे, ही समजूत त्या दिवसापासून निदान मुंबईत तरी टिकली नाही.

लेवीचे कण कशाचे बनलेले असतात हे १९९७ साली कळले. दक्षिण इटलीतील एका गावच्या घराण्यात कंपवात पिढ्यान्‌पिढ्या येत होता. त्या घराण्यात सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या बीजात दोष सापडला, आणि काही आठवड्यांतच केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले की लेवीचे कण म्हणजे ह्याच प्रथिनाच्या गुठळ्या होत. २००३ साली जर्मनीचे हाइको ब्राक यांनी ह्या गुठळ्या मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतात ह्याचा नकाशा मांडला. पुष्कळ रोग्यांत आरंभ कृष्णद्रव्यात होतच नाही. तो वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या अगदी तळाशी, पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी होतो. हात कापावयाच्या कित्येक वर्षे आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते, ते बहुधा ह्यामुळे. आणि पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे ते मूळ म्हणजे लेवीने १९१२ साली ज्या जागी आपले कण प्रथम पाहिले, त्यांपैकीच एक जागा होय.

पार्किन्सनला जे मिळाले नाही, म्हणजे रोग्याच्या मृत्यूनंतर मेंदू पाहण्याची संधी, ती मिळावी म्हणून आता स्वतंत्र पेढ्या आहेत. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशी पेढी १९९५ साली सुरू झाली. नातेवाइकांच्या संमतीने दिलेले मेंदू तेथे जतन केले जातात. आणि ज्याचा हात कापत होता त्याची आणि ज्याला घरची माणसे ओळखता येत नव्हती त्याची, अशा दोघांच्याही मेंदूंचे तुकडे तेथे एकाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात.